घावनांचं मशीन आणि आईंचं प्लास्टर

परवा गौरीपूजनाच्या सकाळी आमच्या दुर्गाघाटच्या स्वयंपाकघरात एक मशीन येऊन बसलं... त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

सासरची मंडळी मूळची कोकणातली. काशीत येऊन कित्येक पिढ्या झाल्या. निम्मं बोलणं हिंदीत चालतं, पण गौरीला नैवेद्य घावन-घाटल्याचाच. तांदळाच्या पिठाची पातळ, जाळीदार घावनं आणि त्यासोबत गूळ-नारळाच्या रसातलं घाटलं.

घाटलं माझ्याकडे आणि घावनं सासूबाईंकडे, अशी वाटणी मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची. घावनांच्या तव्याला आईंनी मला कधी हात लावू दिला नाही आणि मीही कधी हट्ट केला नाही. यंदा मात्र महिन्यापूर्वी आई जिन्यात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं... प्लास्टर कोपरापर्यंत.

झालं. फॅमिली ग्रुपवर चर्चा सुरू. आईंना त्रास नको, आईंना उभं राहायला नको, आईंना गॅसजवळ जायला नको. आई त्या ग्रुपवर नाहीत, त्यांच्याकडे साधा फोन आहे. माझे धाकटे दीर काशीतच, पण लांब महमूरगंजला राहतात, त्यांनी तिथल्या तिथे पॅनकेकचं मशीन ऑर्डर केलं आणि सगळ्यांनी पसंतीचे अंगठे टाकले. मीसुद्धा टाकला.

हे मशीन म्हणजे दांडा असलेली एक तापणारी थाळी. ती उलटी करून पिठात बुडवायची, उचलायची, सरळ करायची... की पॅनकेक तयार. बस, एवढंच. त्यावर पोळी होत नाही, भाजी होत नाही, दूधही तापत नाही. एका पदार्थासाठी एक अख्खं यंत्र, त्याची वायर, त्याचं वेगळं भांडं, त्याचा भलामोठा खोका! आमच्या ओट्यावर दोन डबे जास्त झाले तर परात ठेवायला जागा उरत नाही. मग जागा करायला बिडाचा तवा माळ्यावर गेला.

सकाळी दीर मोठ्या रस्त्यावर स्कूटर लावून, खोका खांद्यावर घेऊन गल्लीतून चालत आले. फार उत्साहात होते बिचारे. आई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांनी खोक्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मला वाटलं, हात दुखत असेल.

थाळी तापली, पिठात बुडवली, उचलली... सगळं पीठ घसरून परत भांड्यात. घावनाचं पीठ ताकासारखं पातळ, ते उलट्या थाळीला चिकटणार कसं? मग पीठ घट्ट केलं. आता जे निघालं ते जाड, पांढरं, कडेला करपलेलं आणि जाळीचा पत्ता नाही. तिकडे पूजा आटोपत आली होती आणि नैवेद्याचं ताट रिकामं.

आणि तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, काल घरी तर एकदम मस्त बनले होते... दोन अंडे टाकले होते ना, काय फूल के आए थे."

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं.

गौरीच्या नैवेद्यासाठी मुद्दाम नवीन मशीन आणायचं आणि आदल्या दिवशी त्याची ट्रायल घ्यायची ती अंडं घालून! ज्या घरात चार पिढ्या वेद शिकवले गेले त्या घरच्या मुलाला एवढं सुचू नये? मी त्यांना इतकी बोलले की पूजेला बसलेला नवरा उठून आत आला. भांड्यातलं पीठ टाकून दिलं, मशीन बाहेर गेलं आणि दिरांनाच माळ्यावर चढवून तवा उतरवला.

नवीन पीठ कालवलं. माझं पहिलं घावन तव्याला असं चिकटलं की खरवडून काढावं लागलं. दुसऱ्याची तीच गत. शेवटी मी बाहेर जाऊन आईंना विचारलं, काय चुकतंय?

 आई म्हणाल्या, "प्लास्टर हाताला बांधलंय, तोंडाला नाही. महिना झाला, सगळे मिळून माझं ठरवताय. मला एकदा तरी पूछलं का कुणी?"

त्यांचा आवाज कापत होता. राग होताच, पण नुसता राग नव्हता. मी त्यांची खुर्ची उचलून गॅसजवळ नेऊन ठेवली.

मग त्या बसल्या बसल्या सांगत गेल्या. पीठ अजून सैल कर. कांदा नको, आज गौर आहे, वांग्याचं देठ तेलात बुडवून तव्यावर फिरव. कडेपासून आत ओत, घाई नको, आता झाकण. चौथं घावन सुटलं, पाचव्याला जाळी पडली. सहाव्याला त्यांनी डाव्या हातात वाटी घेतली आणि कुणी अडवायच्या आत स्वतः ओतलं. वाकडंतिकडं झालं, एका बाजूला नुसतं भगदाड. तेच त्यांनी ताटात सगळ्यात वर ठेवायला लावलं.

ज्यांना अशी मशीनं घ्यायची त्यांनी खुशाल घ्यावीत, पॅनकेक चांगले होत असतील. माझा राग आता त्या थाळीवर कमी आणि ग्रुपवरच्या त्या अंगठ्यांवर जास्त आहे, त्यात माझाही होता.

आई चिडल्या, हे आमचं नशीब. त्या गप्प राहिल्या असत्या, तर आम्ही त्यांना त्यांच्याच स्वयंपाकघराबाहेर बसवून ठेवलं असतं आणि त्याला काळजी म्हटलं असतं.