त्रेचाळिसावी सुरी

ऑर्व्हिल ट्वाइटने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, पण पोरांची नावं त्याच्या कधी लक्षात राहिली नाहीत. सुऱ्यांचं मात्र सगळं पाठ. बीव्हर पकडणाऱ्यांची सुरी कुठली, रानगव्याचं कातडं सोलायची कुठली, हे तो रस्त्यात गाडी थांबवून सांगे. आणि मोंटानाच्या त्या माळावर पळून जायला जागा नसते. घरी काचेच्या कपाटात दीडशे वर्षं जुन्या बेचाळीस सुऱ्या होत्या. घासायच्या नाहीत, धार लावायची नाही, वापरायच्या तर मुळीच नाहीत, हा संग्राहक संघाचा नेम तो कसोशीने पाळी.

त्रेचाळिसावी शेजारच्या मर्ना ब्रेकसकडे होती. तिच्या पणजीने छकड्यातून पश्चिमेला येताना आणलेली. मर्ना त्या सुरीने रोज बटाटे सोलत असे आणि दर रविवारी तिला धार लावी. पातं झिजत चाललं होतं, कारागिराच्या शिक्क्यातली निम्मी अक्षरं गेली होती. ऑर्व्हिलला रविवार सोसेना.

"विकत दे मला. आहे तेवढी तरी वाचेल."

"मग बटाटे काय दातांनी सोलू?"

"नवी आणून देतो."

"नव्यांनी टोमॅटोसुद्धा चिरत नाही, ड्रायव्हरसाहेब. हिच्या तोडीची आण नि ही घेऊन जा."

दुसऱ्या सकाळी तो चार निवडक सुऱ्या मखमलीत गुंडाळून घेऊन गेला. मर्नाने एकेक बटाट्यावर चालवून पाहिली.

"ही लोणीसुद्धा विचारून कापेल."

"धार नाहीये तिला!"

"मग लाव की. दगड तिथंय."

संघाचे अध्यक्ष खिडकीत उभे असल्यासारखं ऑर्व्हिलने मागे वळून पाहिलं. मग दगडावर पाणी शिंपडलं. काळपट पात्याच्या कडेला पांढरीशुभ्र रेघ उमटली. त्याने बटाटा उचलला. साल एका लांबलचक फितीत उतरली, थेट जमिनीपर्यंत.

"अगं, कापते!" तो ओरडला.

"सुरी आहे ती, ऑर्व्हिल," मर्ना म्हणाली. तिने ती त्याच्या हातातून काढून आणखी दोन बटाटे सोलले आणि मान डोलावली. "ही ठेवते. घे तुझी ती."

पणजीची सुरी अखेर त्याच्या हातात आली. मखमल समोरच होती. ऑर्व्हिल उठला नाही.

"अजून किती आहेत बटाटे?"

"अर्धी गोण."

"ओत इथं," तो म्हणाला आणि पणजीची सुरी बटाट्याला लावली. "बाकीच्या सुऱ्या उद्या आणतो."