परसूअण्णाची आजारपणाची रजा

परसूअण्णा लेथवर उभा राहून तोंडाने आगगाडी चालवायचा. चढ आला की संथ 'भक्... भक्', उतारावर भरभर. कारखान्याच्या गोंगाटात आवाज कुणालाच ऐकू जात नसे, नुसते ओठ हलायचे. नव्या कामगारांना वाटे, म्हातारा जप करतोय.

अण्णा खानापूरकडचा, रुळालगतच्या गावातला. बोम्मसंद्र्याच्या या कारखान्यात एकाच मशीनवर अकरा वर्षं, आणि अकरा वर्षं कंत्राटी. ही चोरी आहे, असं मी कामगार संघटनेच्या पत्रकांत लिहीत होते, गेटवर वाटत होते. तो म्हणायचा, "मशीन बिघडली तर मेकॅनिक येतोय गे पोरी. माणूस बिघडला तर दुसरा माणूस येतोय."

त्या हिवाळ्यात येलहंक्याहून नंदीच्या डोंगराकडे वाफेच्या इंजिनाची एक फेरी निघणार होती, हौशी प्रवाशांसाठी. अण्णाने रजा मागितली. सुपरवायझर हसला. मग अण्णाने पोट बिघडल्याचं कळवलं आणि माझ्या स्कूटरवर मागे बसला. "सापडलो तर कंत्राट तुटलं. लेकीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष हाय."

"मग गाडीतच का नाही बसलास?"

"आत बसल्यावर इंजिन कुठं दिसतंय?"

देवनहळ्ळीजवळ ट्रकांच्या गर्दीत अडकलो. पुढे टेम्पो, मागे बस, आणि धुक्यापलीकडे शिट्टी लांब लांब जात होती. अण्णा कासावीस. "उतरून ढकलू काय?"

"कुणाला?"

"सगळ्यांना!"

नंदीच्या पायथ्याशी एका वळणावर अखेर गाडीला गाठलं. अण्णा द्राक्षाच्या मळ्याच्या कडेने धावत सुटला. इंजिन धापा टाकत चढत होतं आणि हा दोन्ही हात वर करून इंजिनापेक्षा मोठ्याने ओरडत होता, "भक्! भक्! भक्!" अकरा वर्षं मुक्याने चाललेली ती गाडी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. ड्रायव्हरने शिट्टी दिली. मी फोटो काढला.

"कुणाला दाखवू नकोस हं."

"नाही दाखवत."

दोन महिन्यांनी रजेच्या मागणीचं पत्रक काढायचं होतं. माझ्याकडचे कामगारांचे सगळे फोटो वाकलेले, थकलेले. हसणारा कामगार एकच. इंजिन कापून टाकलं, अण्णाला ठेवलं. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, हे मला ठाऊक होतं.

मागचा धूर तेवढा राहिला. त्या फेरीचे व्हिडिओ साऱ्या कारखान्याने मोबाइलवर पाहिले होते. सुपरवायझर पत्रक नाचवत आला. "काय अण्णा, पोटातनं एवढा धूर?" संध्याकाळी अण्णाचा गेटपास काढून घेतला.

मी पेटून उठले. धरणं धरू, नवं पत्रक काढू! मसुदा घेऊन त्याच्या खोलीवर गेले. त्याने तो शेवटपर्यंत वाचला, घडी करून माझ्या हातात दिला.

"आणि एक नको काढूस माझ्यावर. स्वल्प दया कर."

दया! ज्यांच्याविरुद्ध मी लिहीत होते, त्यांच्याकडे त्याने ती कधी मागितली नव्हती.

आता तो यशवंतपूरला दुसऱ्या कारखान्यात आहे. पुन्हा कंत्राटीच. हे लिहिण्याआधी मी फोन करून विचारलं. पलीकडून मशीनचा आवाज येत होता.

"लिही की," तो म्हणाला. "नाव तेवढं बदल. हितं पण वाचतात गे."

बदललं आहे.