विश्वकर्मापूजेच्या आदल्या दिवशी

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. तिला मी बाकी बहुतेक सगळं सांगतो — न विचारता, आणि तिला नको असतानाही. हे तेवढं राहिलं. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही हुडकोत राहत नाही.

हुडको कॉलनीत माझी ताई राहते, आणि भाऊजी. भाऊजी स्टील प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांवर, होते. रिटायर झाल्यावर लोक मंदिराच्या कमिटीत शिरतात. हे जुन्या कम्प्युटरांत शिरले. टीव्हीला जोडून चालवायची ती चाळीसेक वर्षांपूर्वीची यंत्रं — त्यांचे बोर्ड आता हौशी लोक नव्याने छापतात. रिकामा बोर्ड मागवायचा, एकेक सुटा भाग सोल्डर करायचा. मुख्य चिप मात्र एखाद्या मेलेल्या यंत्रातून काढून बसवायची, कारण ती आता बनत नाही. भाऊजींना ती फार दिवसांनी मिळाली होती. एकच.

मी शेजारी बसून बघायचो. जन्मभर कॉलेजात साहित्य शिकवलं, हाताने काही केल्याचं आठवत नाही. त्यांचा हात मात्र — तापलेलं टोक टेकायचं, चांदीचा ठिपका चकाकायचा, राळेचा धूर वर जायचा, आणि मनगट जागचं हलायचं नाही. मी फार जवळ वाकलो की म्हणायचे, "प्रोफेसर, श्वास तिकडे सोडा. बोर्डाले भाषण नाही पाहिजे."

बोर्ड पुरा झाला. मी म्हणालो, लावा वीज. ते म्हणाले, "विश्वकर्मापूजेले लावू. प्लांटात नव्या मशीनले तसंच करत होतो." आणि अडॅप्टर कपाटात ठेवून दिला.

मला हसू आलं. फिती कापणारे, शाली पांघरून घेणारे, यांच्यावर मी वर्षानुवर्षं बोलत आलो — कॉलेजात थोडाफार ओळखला जायचो तो त्यासाठीच. आता सर्किटलाही मुहूर्त?

म्हणजे मला पूजेची चीड आली, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं — सोयीचं होतं. खरं एवढंच, की मला पहिलं व्हायचं होतं. पडद्यावर पहिली अक्षरं उमटतील ती लोक जमायच्या आधी मी बघावीत. फीत मलाच कापायची होती.

आदल्या दिवशी दुपारी दोघं फुलं-नारळ आणायला गेले. मी घर सांभाळायला. कपाटाला कुलूप नव्हतं — पण ते उघडणं मला चोरी वाटली. सभ्यपणा बघा. म्हणून मी राउटरचा अडॅप्टर काढला. पिन नेमकी बसली. या जुन्या यंत्राला अधिक-उणे आजच्या उलट लागतं, हे भाऊजींनी मला कितीदा सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. ऐकलं होतं का?

पुट् असा लहानसा आवाज झाला. वास आला. चिपला बोट लावलं तर चटका बसला. वरून काही दिसेना — काळी, गुळगुळीत, होती तशीच. मी अडॅप्टर राउटरला परत लावला, वास जावा म्हणून पंखा लावला. ते आले तेव्हा पेपर वाचत होतो.

दुसऱ्या दिवशी शेजारी जमले, उतईहून भाऊजींचे प्लांटातले सोबती आले. हळदकुंकू, अगरबत्ती. बटण दाबलं. टीव्ही काळाच. "विश्वकर्माजी छुट्टी पे हैं," कुणी म्हणालं. लोक हसले, प्रसाद घेऊन गेले.

भाऊजी भिंग घेऊन बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "प्रोफेसर, पाहा बरं. चिपचे हे दोन पाय जुळून राहिले का? मले नीट दिसून नाही राहिलं."

मी पाहिलं. दोन पायांमध्ये राळेचा पिवळा थेंब होता. राळेतून वीज जात नाही, एवढं तोवर मलाही कळत होतं. मी म्हणालो, "हो, जुळले." आणि — कुणी विचारलं नसताना — पुढे म्हणालो, "वयानं होते असं, भाऊजी. हात हालून राहिला तुमचा."

त्या दोन पायांना मीटर लावलं असतं तर खोटं उघड पडलं असतं. मीटरशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस — त्या दिवशी त्यांनी मीटर लावलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवला — चिप आपल्याच हातून जळली, असं मानलं. स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले.

सोल्डरिंगचं सामान त्यांनी कुणाला तरी देऊन टाकलं. मग स्कूटर. मग दाढीला न्हावी घरी यायला लागला. ताई म्हणाली, "मले तं ह्यायचा हात चांगला दिसते. कावून घाबरून राहिले, काय माहीत." तिने डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही. भाऊजी म्हणाले, "डॉक्टरले काय समजते. प्रोफेसरनं भिंगातून पाह्यलं."

मी तिथेच होतो. तेव्हा सांगता आलं नसतं का? चिपचं त्यांनी हसण्यावारी नेलं असतं, हे मला ठाऊक होतं. पण इतरांना हसणारा मी — मला कुणी हसलेलं चाललं नसतं. एवढ्यासाठी.

मागच्या रविवारी जुनवानीच्या माझ्या घरून त्यांच्याकडे गेलो होतो. ताईने चहा आणला. सांडू नये म्हणून ती त्यांना अर्धाच कप देते. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, जपून. मी त्या चहाकडे बघत राहिलो. एक तरंग नव्हता. माझा कप काठोकाठ भरलेला होता. मी तो पिऊन टाकला आणि घरी आलो.