विकण्याचं कारण

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, दुकानात रोज चहाला बसणाऱ्यांना नाही — आणि ज्यांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून जरा सोपं जातंय. ओळखीचा माणूस समोर आला की मी भलतंच काही बोलत सुटतो. पाण्याचं, धानाचं, पोरीच्या परीक्षेचं.

आताही बघा, मुद्द्यावर कुठे येतोय? आधी मशीनचं सांगतो.

गोंदियाकडच्या गोरेगावला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपाच्या जळलेल्या मोटरी मी पुन्हा बांधून देतो. तांब्याच्या तारेशी तीस वर्षांचा संसार झाला. त्यातूनच जुनी गाणी ऐकायचा नाद लागला, आणि गाण्यांपेक्षा ती वाजवणाऱ्या यंत्रांचा जास्त. व्हॉट्सॲपवर आमचा एक गट आहे. नागपूरचे, रायपूरचे, पुण्याचे — सगळे माझ्यासारखेच, पन्नाशी गाठलेले आणि घरात बोलणी खाणारे. या गटात व्हॉल्व्हचे छोटे ॲम्प्लिफायर फिरत असतात. दोन वॅट, तीन वॅट. एखादा एका घरी सहा महिने टिकला तर खूप झालं.

लोक ते का विकतात? जाहिरातीखाली कारण लिहायची पद्धत आहे. ‘घर बदलतोय.’ ‘जागा नाही.’ ‘मोठा घेतोय.’ ‘बायको ओरडते.’ यातली बायको खरंच ओरडत असते, पण विकण्याचं कारण ती नसते. कारण एकच असतं — आवाज पुरत नाही. काचेच्या नळीत ती तांबूस तार पेटलेली दिसली की माणसाचा जीव जडतो, हे मान्य. एक गळा, एक पेटी, एवढंच वाजत असेल आणि तुम्ही दोन हातांवर बसला असाल, तर असा आवाज दुसरीकडे मिळणार नाही, हेही मान्य. पण तीन वॅटला स्पीकर लागतात जुन्या घडणीचे, भोंग्याच्या जातीचे, फुंकर मारली तरी बोलणारे. आजकालचे छोटे स्पीकर म्हणजे भिजलेल्या धानाची पोती, जागची हलवायलाच ताकद लागते. आवाज वाढवला तर फाटतो, कमी ठेवला तर पंख्याच्या घरघरीत बुडतो. आणि आमच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून कोण बसणार?

हे सगळ्यांना ठाऊक असतं. लिहीत कुणी नाही. लिहिलं तर आपण फसलो हे कबूल करावं लागतं, आणि पुढचा घेणार नाही तो वेगळाच. मला पुण्याच्या एकाने ‘जागा नाही’ म्हणून दिला. चार महिन्यांत मलाही जागा कमी पडायला लागली.

आता टेकचंदकाकाजींबद्दल सांगायला हवं. इथे टाळावंसं वाटतं — पण सांगतो.

काकाजी कामठ्याचे. माझ्या वडिलांचे मित्र, सत्तरीला टेकलेले. धानाची शेती आहे, पण आसपासच्या गावांत त्यांना शेतीसाठी कुणी ओळखत नाही. ते पेटी जुळवतात. जुळवायचे. भजनमंडळांच्या पेट्या, दंडार करणाऱ्या गावातल्या नाटकमंडळ्यांच्या पेट्या, सगळ्या त्यांच्या पडवीत यायच्या. पेटी उघडायची, आतल्या पितळी पट्ट्यांतली एक काढायची, बारीक कानशीने तिला हलकंसं घासायचं, पुन्हा बसवायची. एकाच सुराच्या दोन पट्ट्या एकदम वाजवल्या आणि त्यांच्यात फरक असला, की आवाज थरथरतो. ती थरथर पूर्ण थांबेपर्यंत काकाजी डोळे मिटून बसायचे. त्यांच्या मुलाने एकदा मोबाइलवर सूर दाखवणारं काहीतरी घालून दिलं, तर त्याला म्हणाले, “सूर पाहाचा रायते का आयकाचा?” मोबदला म्हणून दुपारचं जेवण. माणसाची सगळी इज्जत त्या दोन कानांत होती, आणि ते कान त्यांनी कधी मिरवले नाहीत.

त्यांनी माझ्या दुकानात तो ॲम्प्लिफायर पाहिला आणि हरखले. म्हणाले, “आमच्या टायमाले हेच रायत होतं बा. व्हॉल्वची मशीन. इकडे भजन लागलं का तलावाच्या त्या पारीवर आयकू जाये.” तलावाच्या बांधापर्यंत जायचंच. कारण मशीनला झाडावर बांधलेला भोंगा जोडलेला असायचा. काकाजींना वाटत होतं की ती ताकद नळ्यांची. मला ठाऊक होतं, ती भोंग्याची. त्यांच्या घरी नागपूरहून मुलाने आणलेले छोटे स्पीकर होते — त्यांच्या तारा मीच जाऊन जोडल्या होत्या. म्हणजे मला सगळंच ठाऊक होतं.

बाजार नसलेला दिवस बघून मी त्यांना बोलावलं. शटर अर्धं खाली ओढलं, पंखा बंद केला, स्पीकरसमोर दोन हातांवर बसवलं आणि नुसत्या पेटीचं वादन लावलं. काकाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी विचारलं, “एवढी चांगली वस्तू, काऊन विकून राहिला बा?”

“जागा नाही, काकाजी,” मी म्हटलं, आणि ते तो विकत घेऊन गेले.

एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. बाजारात उठसूट अशी वस्तू कुणीही कुणाच्या गळ्यात मारतो. पुण्यावाल्याने माझ्याही गळ्यात ती मारलीच होती की.

महिन्याभराने काकाजी आले. नेमका बाजाराचा दिवस, दुकान गच्च भरलेलं. मोटरी घेऊन आलेले शेतकरी, आणि गोंदियाहून आलेले आमच्या गटातले दोघं, जे माझा सल्ला घ्यायला आले होते. मी त्यांच्यात जाणकार समजला जातो. काकाजी एसटीतून उतरून चालत आले, ॲम्प्लिफायर खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून छातीशी धरलेला. रागावलेले मुळीच नव्हते. रागावले असते तर? कदाचित मीही भांडलो असतो आणि सगळं तिथेच मिटलं असतं.

ते म्हणाले, “बाबू, याचा आवाज नाही येत ना बा. पडवीत बसलो तं असं वाटते का शेजारच्या घरी कोनी वाजवून राहिला. माह्यंच काही चुकून राहिलं असन. पाहून दे.”

चूक त्यांची असेल, असं ते धरूनच आले होते. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं — काकाजी, तुमच्या स्पीकरला हा पुरत नाही. पण मग ते विचारणार, तारा तर तूच जोडल्या होत्या, तुले मालूम नव्हतं का? दहा माणसांसमोर विचारणार. त्या दोघांसमोर विचारणार. मी काय केलं माहीत आहे? दुरुस्तीला आलेला एक भोंगा कोपऱ्यात पडला होता, तो मशीनला जोडला. दुकान दणाणलं. बाहेरचे भाजीवालेसुद्धा वळून बघायला लागले.

“मशीन तर बरोबर आहे, काकाजी,” मी हसत म्हटलं, “आता कानांची उमर झाली.”

लोक हसले. गोंदियाचे दोघं हसले नाहीत, कारण त्यांना भोंग्याची चलाखी कळली होती. पण बोललेही नाहीत. दोघांच्याही घरी एकेक तसाच ॲम्प्लिफायर विकायचा पडला होता.

काकाजींचा हात आपोआप कानाकडे गेला. मग म्हणाले, “असन बा.” मशीन पुन्हा दुपट्ट्यात गुंडाळली आणि गेले.

मला वाटलं, माणूस घरी जाईल, विसरेल. चेष्टेत बोललेलं कोण धरून बसतो? पण ज्याचं सगळं आयुष्य कानावर उभं आहे तो धरून बसतो, हे मला कळायला नको होतं? ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानाने ठीक आहे, थोडं कमी आहे. सत्तरीतल्या कुठल्याही माणसाला ते हेच सांगतील. काकाजींनी त्यातलं ‘कमी’ तेवढं घेतलं.

त्यानंतर दंडारीच्या दिवसांआधी एक मंडळी त्यांच्याकडे पेटी घेऊन गेली, तर त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, ज्याचे कान गेले त्याने दुसऱ्याची पेटी बिघडवू नये. हे मला त्या मंडळीतल्याच एकाने दुकानात येऊन सांगितलं. मी काय म्हटलं? “अरेरे.” आणि त्याची मोटर बांधायला घेतली. त्या दिवशी माझ्या हातून तार दोनदा तुटली.

पुढचं सांगणं जास्त अवघड आहे.

महाशिवरात्रीला आमच्या इकडच्या प्रतापगडच्या जत्रेत काकाजी भेटले. गडावर चढणं त्यांना झेपत नाही, म्हणून पायथ्याशी एका झाडाखाली बसले होते. मी शेजारी बसलो. चहूकडे कलकलाट — पिपाण्या, पाळणे, हरवलेल्या पोरांची नावं पुकारणारा माइक. बोलता बोलता काकाजींनी तोंड कडू झाल्यासारखं केलं. म्हणाले, “त्या भजनवाल्याईच्या पेटीची काळी दोन उतरली आहे. थरथरून राहिली.” मला भजन कुठे चाललंय हेही कळत नव्हतं. मग ते स्वतःच हसले. “भास होते आता. मले का समजते.”

नारळ आणतो म्हणून मी उठलो. दुकानांच्या दोन रांगा ओलांडल्या, तेव्हा कुठे ते भजन दिसलं. गाणं थांबल्यावर मी पेटीवाल्याला काळी दोन दाबायला लावली. थरथरत होती. तो म्हणाला, हो जी, एक पट्टी उतरली आहे, पहिले कामठ्याचे काकाजी करून द्यायचे.

मी परत आलो. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. आणि मी — कुणी विचारलेलं नसताना — म्हटलं, “पेटी बरोबर आहे, काकाजी.”

पहिलं खोटं मी घाबरून बोललो, असं स्वतःला सांगत आलोय. हे दुसरं कशापायी बोललो? तिथे गटातलं कुणी नव्हतं, हसणारे नव्हते. आम्ही दोघंच होतो. त्यांचे कान बरे आहेत म्हटलं असतं, तर त्यांचे पेटीवाचून गेलेले दिवस माझ्या अंगावर आले असते, म्हणून मी तेही त्यांच्याच कानांच्या माथी राहू दिले. याला भित्रेपणा म्हणतात का? मला तर यापेक्षा वाईट शब्द हवा.

काही दिवसांनी काकाजी पुन्हा दुकानात आले. तोच दुपट्टा, तोच ॲम्प्लिफायर. म्हणाले, घरी नुसता पडला आहे, तुमच्या त्या गटावर टाक, कोणी कानवाला घेईल. मी फोटो काढले आणि लिहायला बसलो. कारणाशी आलो आणि बोट थांबलं. सवयीने ‘जागा नाही’ लिहिणार होतो.

“कारन खरं लिही,” काकाजी दारातल्या बाकावरून म्हणाले. “मालकाले आयकू कमी येते म्हनून.”

मी लिहिलं, फक्त ‘कमी’च्या आधी ‘थोडं’ माझ्याच मनाने घातलं. आतल्या बाजूला मोटर टेस्टिंगला लावली होती, ती घोंघावत होती. पंखा चालू, बाहेर ट्रॅक्टर. काकाजी म्हणाले, वाचून दाखव. मला मोठ्याने वाचवेना. तोंडातल्या तोंडात पुटपुटलो, माझं मलाही नीट ऐकू आलं नसेल.

“‘थोडं कमी’ नको,” काकाजी बाकावरून म्हणाले. “‘आयकूच येत नाही’ लिही. घेनाऱ्याले शंका नको राहाले.”

मी ‘थोडं कमी’ खोडलं आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. वर पाहिलं नाही. संध्याकाळच्या आत ॲम्प्लिफायर गेला. कुणाच्याही कारणावर विश्वास न ठेवणारी आमची मंडळी, पण या एका कारणावर सगळ्यांनी ठेवला. गोंदियाच्या त्या दोघांनी खाली हात जोडलेली चित्रं टाकली.

काकाजी आहेत अजून. तब्येत चांगली आहे, धानाच्या रोवणीला बांधावर उभे असतात. आसपासच्या पेट्या आता कुणी नागपूरला पाठवतं, कुणी तशाच वाजवतं. कामठा इथून मोटरसायकलने दोन तासांच्या आत येतं. मी गेलेलो नाही.