आतोबांचं अज्ञान

संवाद ही एक थोर कला आहे आणि आमच्या ओळखीत तिचा एकच उस्ताद आहे: माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. या उस्तादांनी उच्चारलेलं एकही शहाणं वाक्य मात्र कोणाला आठवत नाही.

रत्नागिरीत दोन माणसं भेटली की तिसऱ्या मिनिटाला एकजण दुसऱ्याला शिकवू लागतो. आतोबा शिकून घेतात. लांज्याच्या एसटीत ते कंडक्टरला "गाडीला उशीर का?" असं विचारत नाहीत, "वाटेत वडा कुठला चांगला?" असं विचारतात, आणि पाली ओलांडेपर्यंत कंडक्टर त्यांच्या शेजारी बसलेला असतो. जयगडच्या बंदरात कामाला असलेला शेजारी चार महिन्यांनी भेटला तरी "तुझ्या त्या क्रेनची कुरकुर थांबली का रे?" असं नेमकं विचारतात. मी लहानपणी विहिरीत पडलो ती हकिकत त्यांनी निदान वीस वेळा ऐकली असेल, तरी गोष्टीत माझा पाय घसरला, की "मग रे?" म्हणताना मी वाचतो की नाही याची त्यांना खरोखर काळजी वाटते. एकदा 'संवादकौशल्य' या विषयावर व्याख्यान झालं. वक्ते दोन तास एकटेच बोलले. शेवटी आतोबा पुढे होऊन म्हणाले, "घसा बसला ना? गरम पाणी आणू?" त्यावर वक्त्यांनी अर्धा तास आपल्या टॉन्सिलची कथा सांगितली. त्या दिवशी झालेला संवाद तेवढाच.

खरी परीक्षा माझ्या चुलतबहिणीच्या, म्हणजे धाकट्या काकांच्या मुलीच्या लग्नात होती. माझे बाबा आणि धाकटे काका गडग्यापायी, म्हणजे दोन आवारांमधल्या दगडी बांधापायी, सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. गडगा वीतभर सरकला होता. कोणाच्या बाजूला, याबद्दल दुमत होतं. बाबा लग्नाला जाणार नव्हते. बहीण आतोबांपुढे बसून रडली. "मोठे काका अक्षता टाकायला नसले तर कसलं माझं लग्न?" आतोबांनी धीराचा एक शब्द काढला नाही. म्हणाले, "आमच्याकडे केळवणाला ये. काय करायचं ते आत्याला सांग."

केळवणाच्या पंगतीत दोघा भावांची पानं त्यांनी शेजारी मांडली. भाऊ दोन भिंतींकडे बघत श्रीखंड खात होते. आता गडग्याचा विषय निघणार म्हणून माझा घास तोंडातच राहिला. आतोबा म्हणाले, "बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं कशाला घालतात, कोण जाणे! बांगड्याला वास असतोच कुठे?"

"काय बोलता काय, भावोजी!" दोघे एकदम ओरडले.

"तिरफळांशिवाय बांगडा खाणार?" काका म्हणाले.

"ठेचून घालायची," बाबा म्हणाले.

"बी काढून."

"बी काढूनच रे! मी काय बियांसकट घालतो?"

"आणि शेवटी घालायची, दादा. आई घालायची तशी."

"असं होय?" आतोबा म्हणाले, आणि ताक येईपर्यंत नव्या नव्या शंका पुरवत राहिले. लग्नात बाबा मांडवात सर्वांत पुढे उभे होते, आणि त्यांच्या अक्षता नवरीपेक्षा काकांच्याच टोपीवर जास्त पडल्या.

आता आतोबा थकलेत. ऐकू कमी येतं, पण "मग रे?" अजून वेळेवर येतं. गडगा होता तिथेच आहे. संध्याकाळी दोघे भाऊ त्यावर बसून गप्पा मारतात. भावोजींना मासळीतलं ओ की ठो कळत नाही, यावर दोघांचं पक्कं एकमत आहे.

आतोबांनी चौतीस वर्षं बंदरावर मासळीचा लिलाव पुकारला.