कुरडयांवरची साडी आणि तांब्याची नळी

आमच्या मालकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं ते ऐन मे महिन्यात. डॉक्टर म्हणाले, घरी सोडतो, पण खोली गार पाहिजे, टाक्यांवर घाम साठता कामा नये. आणि आमचं घर कसं, तर डोक्यावर उघडा स्लॅब. दुपारी दोनला भिंतीला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा.

मुलगा म्हणाला, "मग बाबांना सरळ पुण्याला नेतो." त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. मालकांनी खाटेवरूनच हात जोडले, "मला तिकडं टांगून ठेवू नगा. मला माझ्या दारात खुर्ची टाकून बसायचं हाय." मग असं ठरलं, की गुरुवारी दुपारी सोडायच्या आत एसी चालू झाला तर घरी, नाहीतर दवाखान्याच्या दारातून थेट पुणे.

मुलानं मशीन मागवलं तेही साधं नव्हे. गच्चीवर एकच मोठा डबा, आणि त्यातून नळ्या काढून खाली तीन खोल्यांत तीन पेट्या. उन्हाळ्यात गार, थंडीत गरम. मी म्हटलं, एका खोलीपुरतं बास की. तर म्हणतो, "आणि तू काय बाहेर शिजत बसणार आई?" बोलतो तोडून, पण बोलतो ते असं.

मंगळवारी सकाळी मिस्त्री आला, कबनूरहून. पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी, खिशात दाढीचाच एक जुना ब्रश. मी म्हटलं, "या पावणं, चहा घ्या." तर म्हणाला, "चहा मागनं मावशी, आधी भिंत बघू." भिंतीला कान लावून ठोकली, पट्टी लावून पाण्याचा उतार बघितला. म्हणाला, "पाणी बाहेर जायला उतार पायजे. न्हायतर काका झोपल्यात आणि वरनं अभिषेक सुरू." मी आठ दिवसांत पहिल्यांदा हसले असेन.

तांब्याच्या नळ्या तो अशा वाकवायचा, जणू शेवयाच. टोकाचं तोंड फुलवायचा, तेलाचं बोट लावायचा, मग नट आवळायचा. संध्याकाळपर्यंत तिन्ही पेट्या भिंतीवर बसल्या. मला वाटलं, झालं. तर हा बाबा नळ्यांत नुसतीच दाबाची हवा भरून, गच्चीवरच्या डब्याजवळ लावलेल्या घड्याळासारख्या मीटरवर पेनानं खूण करून निघाला.

"अवो, चालू करा की!"

"उद्या. रातभर काटा खुणेवरनं हलला न्हाय, तर नळी कुठं गळत न्हाय. मग आतली हवा, ओल सगळी पंपानं ओढायची, आणि मगच गॅस सोडायचा."

"ओल कशाला काढायची? बंद नळीतच तर हाय."

"मावशी, लोणच्याच्या बरणीत थेंबभर पाणी ऱ्हायलं तर चालतंय का?"

रात्री मुलाचा फोन आला, दुसरे लोक चार तासांत बसवून जातात म्हणून. मी त्यालाच लोणच्याची बरणी ऐकवली.

आता माझं सांगते. मालक दवाखान्यात, रात्री मुलगा त्यांच्याजवळ, मी घरात एकटी. हाताला काम नसलं की माझं डोकं फिरतं, म्हणून मी आधीच गहू भिजत घातले होते. मालकांना कुरडया फार आवडतात. शेजारीण म्हणालीच, "नवरा दवाखान्यात आणि हिच्या कुरडया!" पण भिजलेले गहू काही ऑपरेशनसाठी थांबत नाहीत. बुधवारी पहाटे उठून चीक शिजवला, आठच्या आत गच्चीवर कुरडया घातल्या. जाता जाता काटा बघितला. बरोबर खुणेवर होता.

धूळ नको, कावळे नकोत, म्हणून वर जुनी साडी बांधली. दोन टोकं टाकीच्या पाइपला, आणि दोन त्या नव्या नळ्यांना. पांढरी पट्टी गुंडाळलेल्या चांगल्या जाडजूड दिसत होत्या. दहाच्या सुमारास वारं सुटलं. साडी शिडासारखी फुगायला लागली, म्हणून सोडली आणि दगड ठेवून तशीच पसरली.

अकराला मिस्त्री आला. काटा खुणेच्या पुष्कळ खाली.

त्याचं तोंडच उतरलं. तडक खाली गेला, मालकांच्या खोलीतल्या नळीवरचं काळं आवरण सोडलं, ब्रशनं साबणाचा फेस लावला. बुडबुडा नाही. दुसऱ्या खोलीत गेला. नाही. तिसऱ्या खोलीत शिडीवर उभा राहून स्वतःशीच म्हणाला, "हात म्हातारा झाला माझा." परत मालकांच्या खोलीत आला, आणि सगळे सांधे मुळापासून करायचे म्हणून भिंतीवरची पेटी उतरवायला लागला.

खाली मी शिडी धरून उभी. साडी सोडलेली होती, मला कुणी बघितलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर गळती त्याच्याच नावावर गेली असती. पण पेट्या उतरवल्या तर उद्या दुपार गाठायची नाही हे मलाही दिसत होतं. आणि तो आपल्या हाताकडे बघत होता ते मला बघवेना.

"मिस्त्री, खाली उतरा. आठ वाजता काटा खुणेवर होता. मग मी तुमच्या नळीला साडी बांधली."

"साडी?"

"कुरडयांवर. वाऱ्यानं ओढ बसली असणार."

तो गच्चीवर धावला, मी मागं. डब्याजवळच्या सांध्याला फेस लावला, तर हरभऱ्याएवढा बुडबुडा फुगून आला. मिस्त्री खाली बसला आणि हसतच सुटला. "कुरडयांनी मारलं व्हय मला! मी म्हटलं आता हत्यारं विकायची!" मग कपाळाला हात लावून म्हणाला, "नळ्या भिंतीला पट्ट्यांनी आवळायच्या मी आज ठेवलेल्या. त्या कालच आवळायला पायजे हुत्या. माझंबी चुकलं मावशी."

नळीचं तोंड कापून नवं केलं, पट्ट्या आवळल्या, परत हवा भरली, परत खूण केली.

"कारण कळलं की आता. सोडा गॅस," मी म्हटलं.

"न्हाय. उद्या सकाळी."

गुरुवारी सकाळी सातलाच आला. मी त्याच्याही आधी गच्चीवर. काटा खुणेवर. मग पंप लावला, तो घुर्र करत बसला तासभर, मग गॅस, मग एकेक खोली चालू करून त्यानं पेटीखाली तळहात धरला. साडेअकराला मी मुलाला फोन केला, "आण त्यांना घरी."

मालक आले. पहिले दाराशीच खुर्चीवर बसले, गल्लीतल्या तिघांशी बोलले, मग खोलीत गेले. आडवे झाले आणि पाचव्या मिनिटाला म्हणाले, "चादर दे गं, गारठलो." मुलगा माझ्याकडे बघतोय, मी छताकडे.

कुरडया वाळल्या होत्या. मिस्त्रीला द्यायला मूठभर तळल्या आणि शोधायला गच्चीवर गेले, तर तो तिथं ड्रिल घेऊन भिंतीत भोकं पाडत होता. नळ्यांपासून चांगलं दोन हात लांब. चार जाड हूक बसवले, ओढून बघितले.

"हे कशाचं आणि?"

"हे तुमच्या साडीचं," ताटलीतली कुरडई उचलत तो म्हणाला. "तेवढं माझ्या नळीचं नाव सोडा."

खालून मालकांची हाक आली, तळणाचा वास कुठनं येतोय म्हणून.