फ्रिजचा प्लग

रायपूरजवळच्या बीरगांवचा धर्मपाल आयुष्यात एकच विद्या मन लावून शिकला होता: वीज कुठून उचलायची. वडील कारखान्यात घाम गाळून निवृत्त झाले. हा मात्र शंकर नगरातल्या एका व्हिडिओ शूटिंगवाल्याकडे लागला, आणि वीस वर्षं लग्नघरांत वायरी ओढत फिरला. लग्नघरी मोकळा प्लग कधी सापडतो का हो? धर्मपालला सापडायचा. सरळ स्वयंपाकघरात शिरायचा, फ्रिजचा प्लग उपटायचा आणि आपला लावायचा. पाणी कोमट झालं म्हणून कोणी मेल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

छत्तीसगढ नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि एकेका सरकारी खात्याला आपापला सिनेमा काढायची हौस आली. धर्मपालचे दिवस पालटले. जिथं विजेचा खांब नाही तिथं कॅमेरा चालवायचा तर न्या धर्मपालला! मे महिन्यात तो असाच जंगलातल्या एका गावी पोचला. सिनेमा लसीकरणावर होता. दिग्दर्शक होता रायपूरच्या चौबे कॉलोनीतला विशाल, वय पंचविशीचं, मराठी समजायचं पण उत्तर हिंदीतून.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कॅमेऱ्याच्या साऱ्या बॅटऱ्या संपल्या. जीपवरून चार्ज कराव्यात तर ड्रायव्हर हात लावू देईना. धर्मपाल आरोग्य उपकेंद्रात गेला. छपरावर सौर पॅनेल, आत एकच प्लग, आणि त्यावर एक पांढरा फ्रिज. हात सवयीनं पुढे गेला. सकाळी बॅटऱ्या फुल झालेल्या पाहून तो स्वतःवरच खूश झाला.

नऊ वाजता शारदा सिस्टरनं फ्रिज उघडला. ती मूळची गोंदियाची, तीन वर्षांपासून इथं एकटी होती. आतला थर्मामीटर पाहून ती फ्रिजमागं वाकली.

"कोणी काढला प्लग?"

"मीच, ताई. मले वाटलं, पाण्याच्या बाटल्या असतीन."

"गोवरची लस आहे रे यात! उभी रात्र बंद होता फ्रिज. सारी फेकावी लागते आता. बाजूच्या पाऱ्यात, त्या पल्याडच्या वस्तीत, पोट्टे तापानं फणफणून राहिले, अन् तू काहून हात लावला?"

धर्मपालच्या पायाखालची जमीन सरकली. बाहेर आंब्याखाली वीसेक बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. पहाटे निघून, ऊन डोक्यावर यायच्या आत, पायी आल्या होत्या.

विशाल आत डोकावला. सगळं ऐकून त्यानं खांदे उडवले. "अरे दीदी, खाली सिरिंज से कर लो ना. कैमरे में किसे दिखेगा?"

शारदानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागं सरला. धर्मपालला मात्र आणखी एक धक्का बसला. कालपर्यंत त्यानंही हेच, रिकामी सुई टोचायचं, सुचवलं असतं, आणि त्यात काही वावगं आहे हे त्याला कळलंही नसतं. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

"सांगून ये त्या बायायले," शारदा धर्मपालला म्हणाली. "तूच सांग."

तो बाहेर गेला. मोडक्यातोडक्या छत्तीसगढीत, खाली पाहत त्यानं सांगितलं की सुई आज मिळणार नाही, चूक माझी आहे. शिव्या खायची त्याची तयारी होती. कोणीच शिवी दिली नाही, आणि त्यानं तो जास्तच हादरला.

एक बाई पोराला पदराखाली घेऊन उठली. ती त्या तापवाल्या पाऱ्यातली होती; मोठी मुलगी घरी गोवरानं निजलेली होती.

"मग उद्या येऊ का, भैया?" तिनं विचारलं.

"हव," धर्मपाल म्हणून गेला.

दारात उभ्या शारदानं आ वासला. "उद्याची लस कुठून आणशीन? लसीचा डेपो साठ किलोमीटरवर आहे. पुढचा माल महिन्यानं!"

"तुम्ही चिठ्ठी द्या, ताई."

त्यानं जीपमधून कॅमेऱ्याची पेटी, दिवे, त्या फुल चार्ज बॅटऱ्या, सारं उतरवून धुळीत ठेवलं. विशाल हिंदीत ओरडत राहिला. धर्मपाल शारदाची चिठ्ठी खिशात घालून, लसीचा रिकामा डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसला, आणि ड्रायव्हरनं जीप सुरू केली. डेपोत लस आहे की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. मागं ती बाई पोराला कडेवर घेऊन घराकडे चालू लागली होती, उद्या परत यायचं म्हणून.